जुनं यांत्रिक डायव्हर घड्याळ घेताना : मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीशिवाय चालणारं, पाण्यात उतरण्यासाठी बनवलेलं आणि आता पंचवीस ते साठ वर्षं वयाचं घड्याळ घ्यायचं म्हटलं की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यांच्यावरच उभी आहेत. डायल आणि केस अस्सल असेल तर बाकीचं जवळजवळ सगळं दुरुस्त होतं. डायल बिघडवलेली असेल तर कितीही खर्च करा, ते घड्याळ परत मिळत नाही. आणि पाणी अडवण्याचं काम आतलं रबर करतं. त्या रबराचं वय झालं की घड्याळ कोणत्या कंपनीचं आहे याला काही अर्थ उरत नाही.

डायव्हर घड्याळ नेमकं कशाला म्हणायचं?

जाड पोलादी केस, घट्ट बसणारं झाकण, बहुतेकदा स्क्रूसारखी पिळून बंद होणारी चावी, म्हणजे वेळ लावायचं बाजूचं गोल बटण, अंधारात उजळणारे ठसठशीत काटे, आणि काचेभोवती फिरणारी मिनिटांची कडा, म्हणजे बेझल. पाण्यात उतरताना बेझलवरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा जिथे पोहोचेल तेवढी मिनिटं आपण पाण्याखाली आहोत. हवेची टाकी पाठीला बांधलेल्या माणसासाठी ही मिनिटं जीवनमरणाची असतात.

आजच्या रूपातलं डायव्हर घड्याळ १९५३ च्या सुमाराचं. ब्लाँपांचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरिनर दोन्ही त्याच काळातली. ओमेगाचं सीमास्टर ३०० १९५७ साली आलं. जपानचं पहिलं डायव्हर सेइकोने १९६५ मध्ये काढलं, १५० मीटर खोलीसाठी. पुढे आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. किमान १०० मीटरची क्षमता, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणं, अशा त्याच्या अटी आहेत. ते मानक येण्याआधीच्या घड्याळांवरचे मीटर त्या त्या कंपनीने स्वतःच्या पद्धतीने ठरवलेले आहेत, हे लक्षात असू द्या.

मुंबईत राहून डायव्हर घड्याळाचा उपयोग काय?

आपल्या किनाऱ्यावरचं पाणी गढूळ आहे. स्कूबासाठी आपली माणसं तारकर्ली-मालवणला जातात. पण या घड्याळांचे गुण शहरातही कामाला येतात. जाड काच लोकलच्या दारात आपटली तरी सहसा फुटत नाही. अंधाऱ्या जिन्यात वेळ दिसते. साडेआठची गाडी सुटायला वीस मिनिटं असतील तर बेझल फिरवून ठेवली की हिशेब करावा लागत नाही. शिवाय त्यांची बांधणी अशी आहे की पन्नास वर्षांपूर्वीचं घड्याळ आजही रोज घालता येतं. त्याच काळातली नाजूक सोनेरी घड्याळं तशी वापरवत नाहीत.

पहिलं घड्याळ कोणतं घ्यावं?

माझं मत स्पष्ट आहे: सेइको घ्या. त्यातही ६३०९-७०४० किंवा त्यानंतरचं ७००२ या क्रमांकाचं मॉडेल.

६३०९-७०४० हे १९७६ ते १९८८ या काळात बनलं. उशीसारखी गोलसर केस, चार वाजता असलेली चावी, १५० मीटर, वार आणि तारीख. आतलं मशीन १७ ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करणारे १७ खडे असलेलं, ऑटोमॅटिक. मनगटाच्या हालचालीने चावी भरते. हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबतही नाही. हे मशीन अतिशय दणकट आहे. वर्षानुवर्षं तेल न बदलता चालत राहिलेली ६३०९ मी पाहिली आहेत. असं चालवू नये, पण मशीन ते सोसतं एवढं खरं.

मुंबईत ही घड्याळं आली ती जहाजांवरून आणि आखातातून. १९९१ पूर्वी परदेशी घड्याळ सरळ दुकानातून मिळणं कठीण होतं. कोकणातल्या घराघरांतून माणसं बोटीवर आणि गल्फमध्ये नोकरीला गेली आणि परतताना सिंगापूर, हाँगकाँग, दुबईहून घड्याळ घेऊन आली. त्यामुळे बाजारात जाण्याआधी घरात विचारा. बोटीवरच्या काकांच्या कपाटात, मामांच्या जुन्या ब्रीफकेसमध्ये एखादं बंद पडलेलं सेइको सापडण्याची शक्यता या शहरात खरोखर आहे, आणि त्याच्यासारखं खात्रीचं घड्याळ कुठल्याही दुकानात मिळणार नाही. ते कुणी रंगवलेलं नसतं, कुणी त्यात दुसऱ्याचे भाग घातलेले नसतात.

७००२ हे १९८८ नंतरचं, ६३०९ पेक्षा साधं आणि सहसा स्वस्त. १९९६ मध्ये आलेलं एसकेएक्स००७ हे २०० मीटरचं, मानकानुसार चाचणी झालेलं घड्याळ आहे. त्याचं उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबलं. 'जुनं' म्हणायला ते थोडं तरुण आहे, पण ज्यांना घालून पोहायचंच आहे त्यांनी तेच घ्यावं. सिटिझनचं १५० मीटरचं चॅलेंज डायव्हरही उत्तम, फक्त त्याचे सुटे भाग शोधताना दमछाक होते.

साठच्या दशकातली पातळ केसची स्विस डायव्हर घड्याळंही मोहात पाडतात. दिसायला ती फार देखणी, पण बहुतेकांची चावी स्क्रूची नाही आणि काच प्लास्टिकची असते. दुसरं किंवा तिसरं घड्याळ म्हणून घ्या. जुनं सबमरिनर लाखांच्या घरात जातं आणि त्याच्या नकलांचा बाजार इतका मोठा आहे की नवख्याने त्यात पडूच नये.

घरात आजोबांचं फेवर-ल्युबा सी किंग आहे. ते डायव्हर आहे का?

नाही. सी किंग, सी चीफ ही चावीची, रोज कचेरीत घालायची घड्याळं होती. झाकण नीट बसत असलं तरी समुद्रासाठी ती बनलेली नाहीत. त्यांना पाण्यापासून दूरच ठेवा. जपून ठेवा मात्र नक्की.

फेवर-ल्युबाने खरं डायव्हर बनवलं होतं. साठच्या दशकातलं बेथी हे खोली मोजणारं यांत्रिक घड्याळ. पाठीमागच्या भोकांमधून पाण्याचा दाब एका पातळ पडद्यावर येतो आणि डायलवरचा वेगळा काटा खोली दाखवतो, ५० मीटरपर्यंत. १९६४ चं डीप ब्लू हेही त्यांचंच. ही दोन्ही आपल्याकडे क्वचितच दिसतात. बेथी म्हणून कुणी काही दाखवलं तर झाकणावरची भोकं आणि तो खोलीचा काटा आधी पाहा.

डायल अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' हे नाव ज्या घड्याळांना देतात, ती म्हणजे डायल नव्याने रंगवलेली, दोन-तीन घड्याळांचे भाग जोडून उभी केलेली, झगमगीत घड्याळं. आपल्या शहराचं नाव असं वापरलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच शहरात फार कसबी घड्याळजीही आहेत. पण प्रकार खरा आहे आणि त्यापासून स्वतःला वाचवावं लागतं.

दहा पट मोठं दाखवणारा लूप विकत घ्या. घड्याळ खिडकीजवळ न्या आणि उजेड तिरका पडेल असं धरा. मूळ डायलवरची छपाई कारखान्यात यंत्राने झालेली असते. शाईचा थर किंचित उभारलेला दिसतो, अक्षरांच्या कडा धारदार असतात, मिनिटांच्या सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या असतात आणि नेमक्या एका वर्तुळावर संपतात. हाताने किंवा जुजबी साच्याने रंगवलेल्या डायलवर अक्षरांची पोटं फुगलेली असतात, 'एस'चा बाक डगमगतो, मिनिटांच्या रेषा कुठे आखूड कुठे लांब होतात. मग लूप तारखेच्या खिडकीवर न्या. खिडकीच्या आतल्या कापलेल्या कडेवर रंग साचलेला दिसला, तर डायल पुन्हा रंगवली आहे असं समजून घड्याळ खाली ठेवा.

दुसरी खूण अंधारात चमकणाऱ्या रंगाची. डायलवरचे ठिपके आणि काट्यांवरची पट्टी एकाच वयाची दिसली पाहिजे. ठिपके साय आल्यासारखे पिवळट आणि काटे पांढरेशुभ्र असतील तर काटे बदललेत. दोन्ही पांढरेशुभ्र असतील आणि टॉर्च मारल्यावर अंधारात हिरवेगार बराच वेळ उजळत राहिले, तर नवा रंग भरला आहे. १९८० चं घड्याळ तसं उजळू शकत नाही. आपल्या दमट हवेत हा रंग काळपट पडतो, कधी त्यावर बुरशीसारखे डाग येतात. ते दिसायला वाईट असलं तरी खरेपणाची साक्ष देतं. डागाळलेली अस्सल डायल आणि चकचकीत रंगवलेली डायल समोर असतील तर डोळे मिटून डागाळलेली घ्या.

तिसरं, सेइकोत डायलच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत मशीनचा क्रमांक छापलेला असतो. डायलवर, झाकणावर आणि आतल्या मशीनवर पहिले चार आकडे जुळले पाहिजेत. झाकणावर ६३०९ आणि आत ७००२ चं मशीन असेल तर तो जुगाड आहे, विक्रेता काहीही म्हणो.

बाजारात नव्याने बनवलेल्या नकली डायलही मिळतात, विशेषतः ६३०९ च्या. त्या रंगवलेल्या नसून छापलेल्याच असल्यामुळे लूपखाली लगेच पकडल्या जात नाहीत. अशा वेळी एक करा: खात्रीच्या घड्याळाचा मोठा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एकेक अक्षर ताडून पाहा. अक्षरांमधलं अंतर आणि ठिपक्यांचा आकार इथे फरक सापडतो.

सीरियल नंबरवरून साल काढता येतं का?

सेइकोचं येतं. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. एक ते नऊ सरळ, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरला त्यांची इंग्रजी आद्याक्षरं. ६३०९ चा नंबर ४५ ने सुरू होत असेल तर ते मे १९८४ चं. पहिला आकडा ६, ७ किंवा ८ असेल तर दोन दशकांची शक्यता राहते आणि मग डायलवरच्या बारकाव्यांवरून ठरवावं लागतं. नंबर खरवडलेला किंवा पॉलिशमध्ये पुसला गेलेला असेल तर घड्याळ घेऊ नका.

केस चकचकीत हवी की ओरखड्यांची?

ओरखड्यांची. जुन्या सेइकोच्या केसवर बारीक रेघांचा भाग आणि चमकदार भाग यांच्यामध्ये स्पष्ट धार असते. बफिंग मशीनवर धरलं की ती धार कायमची जाते. सगळं साबणाच्या वडीसारखं गोल होतं आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. विक्रेते मात्र प्रत्येक घड्याळ पॉलिश करूनच मांडतात, म्हणून 'पॉलिश न केलेलं काही आहे का?' असं मुद्दाम विचारा.

झाकण उघडून दाखवलं तर गास्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबर, बसतं ती खाच पाहा. खाऱ्या घामाने तिथे बारीक खड्डे पडलेले असतील तर नवं रबर टाकूनही पाणी आत शिरेल.

मशीन ठीक आहे हे पाच मिनिटांत कसं कळेल?

घड्याळ हातात आडवं धरून हलकेच गोल फिरवा. आतलं वजन सहज, दबक्या आवाजात फिरायला हवं. खरवडल्यासारखा आवाज आला तर ते कुठेतरी घासतंय. चावीचा स्क्रू सोडा. ती लगेच बाहेर उडी मारते. पुन्हा दाबून पिळा. दोन-तीन वेढे गुळगुळीत बसले पाहिजेत. आटे घसरत असतील तर सौदा थांबवा, कारण चावी बदलता येते पण केसमधली नळी दुरुस्त करणं फार कटकटीचं आहे.

मग वार-तारीख बदलून पाहा, पण काटे रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान असताना नाही. त्या वेळात आतलं दातेरी चाक तारखेला अडकलेलं असतं आणि जोर दिला तर दात तुटतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. काटे आधी सहाच्या खाली आणा, मग तारीख.

घड्याळजीकडे टाइमग्राफर असेल तर उत्तमच. मशीनचा आवाज ऐकून ते यंत्र काही आकडे देतं. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा, कारण तो लावून घेता येतो. खरा पाहायचा तो अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचं चाक किती अंश झुलतं ते. सर्व्हिस केलेलं स्विस मशीन पूर्ण चावीवर २७० अंशांच्या आसपास असावं. जुन्या सेइकोत २२०-२४० मिळाले तरी समाधान माना. १८० च्या खाली असेल तर तेल वाळलंय आणि सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करायचा.

डायलवर १५० मीटर लिहिलंय. मग घालून पोहायला जाऊ का?

आधी दाबाची चाचणी होऊ द्या. तोवर नळाखालीसुद्धा नको.

त्या घड्याळात तीन ठिकाणी रबर असतं: झाकणाखाली, चावीत आणि काचेभोवती. घरातल्या कुकरची रिंग आठवा. कुकर तोच, झाकण तेच, पण रिंग कडक झाली की वाफ बाजूने निघते. चाळीस वर्षं न उघडलेल्या ६३०९ चं झाकण काढलं की आतलं काळं रबर कधी तुकड्यांत निघतं, कधी डांबरासारखं चिकटलेलं असतं आणि लाकडी काडीने खरवडून काढावं लागतं. त्या रबराच्या जिवावर जुहूच्या लाटेत उतरणं हा घड्याळावर अन्याय आहे.

सर्व्हिसिंगच्या वेळी तिन्ही रबरं बदलून घ्या, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा आणि नंतर चाचणी. कोरड्या चाचणीत घड्याळ हवाबंद डब्यात ठेवून दाब देतात आणि केस किंचित फुगते-दबते का ते मोजतात. पाणी लागत नाही, त्यामुळे नापास झालं तरी नुकसान नाही. नापास झालं तर गळती कुठे आहे ते शोधायला पाण्यातली चाचणी लागते.

घरी करण्यासारखी एक साधी तपासणीही आहे, तिचं मूळ त्या आयएसओ मानकातच आहे. घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत कोमट करायचं, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत दमटपणा आहे. मुंबईच्या मे महिन्यात घड्याळ मनगटावर तासभर असलं तरी ते कोमट होतंच. ही तपासणी आत आधीच असलेला दमटपणा दाखवते. घड्याळ पाणी अडवेल याची हमी देत नाही.

चाचणी पास झाली तरी जुन्या घड्याळाने पोहावं, बुडी मारू नये, असं माझं मत. आणि दर दोन वर्षांनी चाचणी. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका.

रबराचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. १९६८ साली हिरोशिमाजवळच्या कुरे इथल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने सेइकोला पत्र लिहिलं की, खोल समुद्रातल्या हेलियमच्या हवेत राहून काम करताना घड्याळं टिकत नाहीत. हेलियमचे अणू इतके बारीक की ते रबरातूनही आत शिरतात आणि वर येताना काच उडवतात. रोलेक्स आणि डॉक्साने हेलियम बाहेर सोडणारी झडप बसवली. सेइकोने सात वर्षं खर्च करून तो आतच शिरणार नाही असं इंग्रजी 'एल'च्या आकाराचं गास्केट आणि टायटॅनियमची एकसंध केस बनवली. १९७५ चं ते ६०० मीटरचं घड्याळ आज 'ट्यूना' म्हणून ओळखलं जातं.

रेडियमचं काय? अंगाला अपाय होतो का?

साठच्या दशकापर्यंत काही स्विस घड्याळांत रेडियम होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, त्यामुळे रंग उजळायचा थांबला तरी किरणोत्सर्ग थांबत नाही. असं घड्याळ घरी उघडू नका, रंग खरवडू नका, उशाशी ठेवू नका. घड्याळजीलाही आधी सांगा. त्यानंतर ट्रिटियम आलं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आणि त्याचे किरण काचेतूनही बाहेर येत नाहीत. स्विस डायलवर सहाच्या खाली 'टी स्विस टी' असेल तर ट्रिटियम. नव्वदच्या दशकापासून किरणोत्सर्ग नसलेले रंग वापरात आले.

बेझल दोन्ही बाजूंना फिरते. बिघडलंय का?

६३०९ ची तशीच असते. एकाच बाजूने फिरणारी बेझल नंतर रूढ झाली. फिरतच नसेल तर बहुतेकदा घाम आणि धूळ साचलेली असते. साफ केल्यावर सुटते. पक्कड लावू नका.

मुंबईत घ्यायचं कुठे?

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जायचं तर शुक्रवारी दुकानं बंद असतात, हे आधी लक्षात घ्या. तिथे जुनी घड्याळं आजही निघतात, पण अस्सल आणि जुगाड एकाच ताटलीत पडलेलं असतं. 'साहब, पानी में डाल के देखो' असं म्हणत कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला तर नम्रपणे नको म्हणा. ग्लासभर पाण्यात काही सिद्ध होत नाही, आणि पाणी शिरलंच तर ती वस्तू तुमच्या गळ्यात पडते. सकाळच्या उजेडात जा, लूप बरोबर असू द्या, आणि पहिल्या दिवशी पैसे घेऊन जाऊच नका. नुसतं बघा, विचारा, फोटो घ्या. दुकानदाराशी ओळख झाली की ताटलीत नसलेलं घड्याळ आतल्या खणातून बाहेर येतं.

ऑनलाइन घेताना डायलचा सरळ फोटो, झाकणाचा, झाकण उघडलेल्या मशीनचा आणि अंधारातला फोटो मागा. मशीनचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. शक्य असेल तर समोरासमोर भेटा. दादर किंवा ठाण्यासारख्या स्टेशनाजवळ एखाद्या घड्याळजीच्या टेबलापाशी सौदा करणं सगळ्यात बरं, म्हणजे झाकण तिथेच उघडता येतं.

परदेशातून मागवायचं असेल तर किमतीवर, पाठवणीच्या खर्चासह, सीमाशुल्क आणि कर लागतात. शिवाय वापरलेल्या वस्तूंची आयात परकीय व्यापार धोरणात निर्बंधित आहे, त्यामुळे पार्सल अडकू शकतं. पहिल्या घड्याळासाठी हा मार्ग मी सुचवत नाही.

कुठेही घ्या, साधी का होईना पावती घ्या, त्यावर विक्रेत्याचं नाव, तारीख आणि घड्याळाचा सीरियल नंबर हवा. चोरीचा माल निघाला तर घड्याळ जप्त होतं आणि पैसेही जातात.

किंमत योग्य आहे हे कसं ठरवायचं?

उतरंड साधारण अशी: ७००२ सगळ्यात खाली, मग ६३०९, त्याच्या वर सेइकोचंच त्याआधीचं ६१०५, आणि १९६५ चं पहिलं सेइको डायव्हर त्याच्या कितीतरी वर. दर सतत हलतात, म्हणून मागितलेली नाही, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत पाहा. मग सर्व्हिसिंग, रबरं, गरज असल्यास काच, हा सगळा खर्च तुमच्या घड्याळजीला आधीच विचारून वजा करा. 'सर्व्हिस केलेलं आहे' हे तोंडी वाक्य हिशेबात धरू नका. कुणी, केव्हा केलं आणि त्याची पावती असेल तरच धरा.

चांगला घड्याळजी कसा ओळखायचा?

त्याच्या टेबलाकडे पाहा. सुटी चाकं झाकलेल्या वाट्यांत आहेत का, स्क्रू ड्रायव्हर धार केलेले आहेत का, तो मशीनला बोट लावतो की चिमटा वापरतो. मग सरळ विचारा: 'काका, मशीन पूर्ण सोडून धुणार का?' मशीन आहे तसं पेट्रोलमध्ये बुडवून वर तेलाचे दोन थेंब टाकण्याची पद्धत अजून जिवंत आहे. त्याने घड्याळ महिनाभर सुरेख चालतं आणि आतली घाण खुट्यांच्या टोकांशी जाऊन बसते. पूर्ण सोडून करणाऱ्याला चार-सहा आठवडे लागतात आणि तो जास्त पैसे घेतो. ते द्यावेत. या हातांना योग्य मोबदला मिळाला नाही तर पुढच्या पिढीत हे काम करणारं कुणी राहणार नाही.

घड्याळ देताना तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: डायलला आणि काट्यांना हात लावायचा नाही, केस पॉलिश करायची नाही, काढलेले सगळे जुने भाग पिशवीत परत हवेत. हे न सांगितल्यास बरेच जण प्रेमाने सगळं चकाचक करून देतात.

काचेच्या आत धुकं दिसलं. आता?

त्याच दिवशी झाकण उघडलं पाहिजे. चावी बाहेर ओढून ठेवू नका, तांदळात पुरू नका, हेअर ड्रायरही नको. सरळ जवळच्या कुठल्याही घड्याळजीकडे जा आणि मशीन बाहेर काढून कोरडं करून घ्या. खारं पाणी शिरलं असेल तर तासांचा प्रश्न आहे. रविवार असला तरी फोन करा.

पावसाळ्यात कसं ठेवायचं?

घालत असाल तर घालत राहा, मनगटाची ऊब दमटपणा दूर ठेवते. ठेवून द्यायचं असेल तर स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. देवघराजवळच्या कपाटात कापराच्या किंवा डांबरगोळ्यांच्या सोबतीला नको. त्या वाफा जुन्या रंगाला आणि रबराला चांगल्या नाहीत.

मनगट बारीक आहे. ही घड्याळं मोठी दिसतील का?

६३०९ ची रुंदी ४५ मिलिमीटरच्या जवळ आहे, पण पट्ट्याचे कान आखूड असल्यामुळे ते वाटतं त्यापेक्षा बरंच लहान बसतं. आधी हातात घालून पाहा. त्याहून लहान हवं तर एसकेएक्स०१३ सुमारे ३८ मिलिमीटरचं आहे. साठच्या दशकातली स्विस डायव्हर ३६ ते ३८ च्या दरम्यान, म्हणजे कुठल्याही मनगटाला शोभणारी.

पट्टा कोणता लावू?

मूळ रबरी पट्टा मिळाला तर काढून जपून ठेवा. वापरला की चिरतो. ६३०९ ला २२ मिलिमीटरचा पट्टा लागतो. चामडं मुंबईच्या घामात दोन पावसाळ्यांत कुजतं, म्हणून नायलॉनचा किंवा नवा रबरी घ्या. पट्ट्याइतकंच लक्ष तो धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या काड्यांकडे द्या. सेइको डायव्हरच्या काड्या नेहमीपेक्षा जाड, अडीच मिलिमीटरच्या असतात. दुकानदार हाताशी असलेली बारीक काडी बसवून देतो, ती भोकात डगमगते आणि गर्दीत पट्टा ओढला गेला की निसटते. जाड काड्या मागून घ्या, नव्या बसवा, आणि बसवल्यावर पट्टा जोरात ओढून पाहा.